कॅमेऱ्याचं रुखवत

उत्तराला कुणाच्या दागिन्यांचा कधी हेवा वाटला नाही. समोरच्यांकडे फ्रीज आला तेव्हा बर्फ मागायला पहिली तीच गेली आणि येताना त्या फ्रीजचं तोंडभर कौतुक करत आली. मन मोठं, हात सढळ, दारी आलेल्याला चहाशिवाय जाऊ देणार नाही. पण एका वस्तूपायी तिनं स्वतःला इतकं जाळून घेतलं, की शेजारी राहून मला त्याची धग लागायची. ती वस्तू म्हणजे मधुसूदन फोटोवाल्याची चामड्याची बॅग.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. मला ती वहिनी म्हणायची. तिचे यजमान गिरिधरराव फोटोग्राफर. सीताबर्डीवर, मोठ्या रस्त्यावरून जरा आत, एका शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढे एक स्टूल आणि केस विंचरायला दोरीला बांधलेला कंगवा. पण घर चालायचं ते लग्नांवर, आणि लग्नं बहुतेक बाहेरगावची. उमरेड, भिवापूर, मौदा, रामटेक. वैशाख लागला की गिरिधरराव कॅमेरा घेऊन एस.टी.त बसायचे ते ऊन उतरू लागेपर्यंत घरी थोडे आणि रस्त्यावर जास्त.

कॅमेरा म्हणजे त्यांचा जीव. वरून डोकावून बघायचा, दोन भिंगांचा. तो ते टॉवेलमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि पेटी मांडीवर. एस.टी.त सामान टपावर टाकतात, नाहीतर ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर. टपावर धक्के, बॉनेटवर रोल उकडून खराब. त्यामुळे उत्तरा कधी सोबत असली तर खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवर आधी पेटी बसायची आणि मग उरल्या जागेत उत्तरा. ती हसून सांगायची, "माझी सवत पत्र्याची आहे वहिनी, म्हणून बरं. बोलत तरी नाही."

मधुसूदन आणि गिरिधरराव आधी एकाच स्टुडिओत कामाला होते. पुढे दोघांनी आपापलं थाटलं. भांडण काही झालं नव्हतं, सत्यनारायणाला येणंजाणं होतं. मग मधुसूदनच्या बायकोचा, इंदुताईंचा भाऊ परदेशातून आला आणि त्यानं मेहुण्याला ती बॅग आणली. तपकिरी, तुकतुकीत, पितळी कड्यांची. आत लाल मखमलीचे कप्पे. कॅमेऱ्याला एक, फ्लॅशला एक, रोलना एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इंदुताईंनी वाण लुटलं आणि वाणासोबत बॅगही दाखवली. कप्पे उघडून, बंद करून.

"बॅग पाहूनच लोक उठून जागा देतात," त्या म्हणाल्या. "आणि काम कुणाला द्यायचं तेही बॅग पाहूनच ठरते. पत्र्याची पेटी पाहिली की वाटते, न्हावी आला."

बायका हसल्या. उत्तराही हसली. तिचा हात मात्र वाणातल्या गव्हांत होता, आणि ती मूठ तिनं घर येईस्तोवर उघडली नाही.

इंदुताई खोटं बोलल्या असत्या तर उत्तरानं सोडून दिलं असतं. पण त्या लग्नसराईत खरंच दोन मोठी घरं गिरिधररावांच्या हातून मधुसूदनकडे गेली. आणि त्याच सुमारास कुहीच्या रस्त्यावर पेटीचा कोपरा एस.टी.च्या दांडीवर आपटून फ्लॅशची वाटी पिचली. गिरिधरराव शांत माणूस. ते म्हणाले, होते असं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरा माझ्याकडे आली, कारण शिलाई मशीन माझ्याकडे होतं.

तिच्या हातात तिच्या लग्नातल्या जांभळ्या शालूचा पदर होता. कापलेला.

मी तिला खूप बोलले. शालू कापतं का कुणी, सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, वगैरे. ती ऐकत राहिली आणि दोऱ्याची रिळं निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "वहिनी, मला फक्त एकदा इंदुताईच्या तोंडून ऐकायचं आहे. 'कुणी केली गं ही बॅग?' एवढंच. मग मी मेली तरी चालते."

त्या दुपारी मी ते वाक्य हसण्यावारी नेलं. पण ती ते अगदी मनापासून बोलली होती.

बॅग करायला तिला पूर्ण पावसाळा लागला. तळाला सायकलच्या ट्यूबचं रबर, म्हणजे धक्का वर चढत नाही. चारी बाजूंना जाड पुठ्ठा, त्यावर जुन्या रजईतला कापूस पिंजून भरलेला. कॅमेऱ्याच्या मापाचा एक कप्पा, फ्लॅशचा एक, रोलचा एक, आणि इंदुताईंकडे नव्हता असा चौथा, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीचा. पावसाळी हवेत तांदूळ ओल ओढून घेतात, हे गिरिधररावच तिला कधी बोलले होते. ते विसरले, ती विसरली नाही. खांद्याचा पट्टा खाटेच्या नवारीचा. कडीला छोटं कुलूप. इथवर सगळं कामाचं. पण वरून? वरून शालूचा पदर, त्यावर चौकोनी तुकड्यांची नक्षी, तुकड्यातुकड्यात कशिद्याची फुलं आणि कोपऱ्यांना मण्यांचे गोंडे. गोंडे कशाला, म्हणून मी विचारलं. इंदुताईकडे पितळी कड्या आहेत, म्हणाली.

गिरिधररावांनी बॅग हातात घेऊन वजन केलं, कॅमेरा आत ठेवून हलवून पाहिला, खूष झाले. मग लांब धरून पाहिली.

"उत्तरा, पुरुष माणसानं खांद्याला रुखवत टांगून फिरायचं का?"

ती जेवायला वाढत होती. वाढत राहिली. त्यांनीही मग विषय वाढवला नाही आणि बॅग वापरायला लागले, कारण त्या बॅगेत खरंच काही फुटेना. दुपट्ट्याखाली झाकून न्यायचे, एवढंच. त्यामुळे इंदुताईंना ती कधी दिसलीच नाही. उत्तरा आतल्या आत झुरायची. तिकडे मधुसूदनची बॅग मात्र गाव पाहत होती.

पुढच्या वैशाखात भिवापूरला लग्न होतं. रुपराव नावाचे मिरचीचे शेतकरी, त्यांची मुलगी जयवंता मौद्याला द्यायची होती. भिवापूरला त्या दिवसांत सगळ्या घरांत मिरचीची पोती. अंगणात मिरची, ओसरीवर मिरची, माणसं शिंकत मंगलाष्टकं म्हणणार. लग्न लागलं, फोटो झाले, पंगत बसली. गिरिधररावांना वाटलं, कॅमेरा उघड्यावर नको, या खकाण्यात भिंग जाईल. घरात कुलूपबंद खोली एकच होती, रुखवताची. त्यांनी किल्ली मागून घेतली, बॅग आत नेऊन ठेवली, कुलूप लावलं, किल्ली परत केली आणि निवांत जेवायला बसले.

ते मठ्ठ्यापर्यंत आले तोवर वरात निघाली. मौदा लांब, म्हणून वरपक्षाला घाई. खोली उघडली, भांडी, समया, रुखवत, सगळं ट्रकमध्ये चढलं. गिरिधरराव आचवून आले तर खोली झाडून ठेवलेली.

त्यांनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी जयवंताची आत्या प्रयागबाई पान लावत म्हणाली, "ते फुलाफुलाची पेटी? ते त मीच ठेवली गा ट्रकात. पोरीचं सामान मांगं राहिलं असतं नं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ते नागपूरला आले, चेहरा उतरलेला. कॅमेरा, फ्लॅश, त्या लग्नाचे रोल, सगळं मौद्याला आणि मधे ट्रकभर तांब्यापितळेची भांडी. पण त्यांची अडचण वेगळीच होती. नव्या नवरीच्या सामानात परक्या पुरुषानं हात घालायचा कसा, आणि मागायचं तरी कुणाजवळ?

"मी येते," उत्तरा म्हणाली आणि चपला घालता घालता माझ्या दारात आली. "वहिनी, तुम्हीही चला. मी एकटी गेली तर काय बोलीन सांगता येत नाही."

मौद्याला पोचलो तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. सून काय काय घेऊन आली ते पाहायला आळीतल्या बायका आल्या होत्या. गिरिधररावांना पुरुषांनी ओसरीवर बसवून चहा दिला. आम्हांला सासूबाई, जिजाबाई, आत घेऊन गेल्या. आम्ही भिवापूरकडच्या पाहुण्या, असा त्यांचा समज झाला असावा.

आतल्या खोलीत सतरंजीवर सगळं मांडलं होतं. रुपरावांनी जमेल तसं केलं होतं, पण भांडी हलकी, बाजारातली, आणि रुखवत म्हणजे दोन तोरणं नि खडूनं रंगवलेलं एक तबक. आणि मधोमध, पाटावर, खाली पांढरं कापड अंथरून, उत्तराची बॅग. एका कोपऱ्याला कसला तरी हंडा लागून खळगा पडलेला. गोंडे मात्र चारही शाबूत.

बायका हात फिरवून पाहत होत्या. टाक्यांवर बोट ठेवून एकमेकींना दाखवत होत्या. कुलूप होतं म्हणून आत दागिने असतील असा तर्क चालला होता, आणि पराया घरचं कुलूप म्हणून कुणी किल्लीचं नाव काढत नव्हतं. जिजाबाई आम्हांला म्हणाल्या, "बाजारचं नाही बरं. हातचं हाय. आमच्या सुनेच्या हाताले कला हाय."

मी उत्तराकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ज्या शब्दांसाठी तिनं शालू कापला ते शब्द तिच्यासमोर, भर बायकांत बोलले जात होते, आणि ते जात होते कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या एका मुलीच्या खात्यात, जिनं ही बॅग काल पहिल्यांदा पाहिली. उत्तराचे ओठ उघडले. "ही तर..." इतकं ती म्हणालीसुद्धा.

तेवढ्यात दाराशी बसलेली एक बाई बोलली. जयवंताची मोठी जाऊ, सुभद्रा. सगळ्या बायका बॅगेभोवती होत्या, ती एकटी बाजूला सुपारी कातरत होती आणि सुपारीकडे न बघता बॅगेकडे बघत होती.

"आमच्या वक्ताले असं काई नव्हतं बाप्पा," ती म्हणाली. "खरंच हिनंच केलं काय, कोन जाने."

जयवंतानं मान वर केली. आधी जावेकडे पाहिलं, मग आमच्याकडे. घाबरलेलं पोर नुसतं. ती काही बोलली असती तर खोटी ठरली असती आणि न बोलून चोर ठरत होती. तिच्या हळदीच्या हातांत पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालं होतं.

उत्तरानं सुभद्राकडे पाहिलं. त्या बाईच्या डोळ्यांत जे होतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असे डोळे घेऊन माणूस काय काय करू शकतं, वर्षानुवर्षं एका घरात राहून एका नवख्या पोरीचं काय होऊ शकतं, ते तिला आतून ठाऊक होतं.

ती खाली बसली, बॅगेच्या कडीला हात लावला आणि जिजाबाईंना म्हणाली, "तुमच्या सुनेनंच केली. पण आमच्यासाठी. आमचे हे लग्नाचे फोटो काढायला भिवापूरला होते नं, त्यांच्या कॅमेऱ्याला पेटी पाहिजे होती. मीच मागे लागून करून घेतली हिच्याकडून. लग्नाच्या गडबडीत तिच्याच सामानात चढली."

ओसरीवरून किल्ली मागवली. कुलूप उघडलं. बायका वाकल्या. लाल मखमलबिखमल काही नव्हती आत, जुन्या रजईचं निळं अस्तर होतं, आणि त्यात कॅमेरा, झोपलेल्या बाळासारखा. हंड्याचा खळगा बाहेरच राहिला होता. भिंगाला ओरखडा नाही. गिरिधररावांनी दारातूनच दोन्ही हात जोडले, देवाला की बायकोला, ते मी विचारलं नाही.

जिजाबाईंना थोडं वाईट वाटलं. पाटावरची वस्तू चालली होती. पण सुनेचं नाव तसंच राहिलं, किंबहुना वाढलं, शहरातले लोक हिच्याकडून करून घेतात म्हणून. त्या लगेच जयवंताला म्हणाल्या, "मंग माह्या पोराच्या ट्रान्झिस्टरले बी एक शिव वं."

जयवंताचा रंग पुन्हा उडाला. निघताना उत्तरा तिच्या कानाशी लागली. मौद्याहून भिवापूरला जायचं तर गाडी नागपूरलाच बदलावी लागते. माहेरी जाताना उतर म्हणून तिनं आमचा पत्ता सांगितला.

येताना गाडीत बॅग खिडकीशी बसली. उत्तरा उभी होती. मी म्हटलं, चांगलं केलंस. तर ती फणकारली. "कसलं चांगलं? शालू माझा, बोटं माझी, पावसाळा माझा, आणि नाव त्या पोरीचं. माझ्या अंगाची आग होऊन राहिली वहिनी." मौद्यापासून नागपूरच्या इतवारीपर्यंत तिचं हेच चाललं होतं.

जयवंता खरंच उतरली. येताना तिखटाची पुडी आणि जाताना डोळ्यांत पाणी, असं तिचं ठरलेलं. "मले त सुईत दोरा बी धड ओवता येत नाही काकू," ती पहिल्या दिवशी म्हणाली. माझ्या मशीनवर दोघींनी मिळून ट्रान्झिस्टरचं कव्हर केलं. उत्तरा तिला शिकवताना चिडायची, टाके उसवायला लावायची, मग जेवू घालायची. आणि ती गेली की म्हणायची, "हिला म्हणतात कला आहे."

आता गंमत ऐका. त्या पावसाळ्यात मधुसूदनच्या चामड्याच्या बॅगेला आतून हिरवी बुरशी चढली. चामडं ओल धरतं, मखमल त्याहून धरते. बुरशी बॅगेतून भिंगावर गेली आणि दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, पुन्हा यात कॅमेरा ठेवू नका. मधुसूदन दिवाळीनंतर मौद्याकडे एका लग्नाला गेला, तिथं जिजाबाईंनी त्याला सुनेची कीर्ती ऐकवली. त्यानं तिथल्या तिथं जयवंताला बॅग करायला सांगितलं. ती बापडी काय बोलणार? पुढच्या खेपेला ती आमच्याकडे उतरली ती रडवेली होऊनच.

कुणासाठी आहे ते ऐकल्यावर उत्तरा उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली. मला वाटलं, नाही म्हणणार. बाहेर आली ती हात पुसत.

"मापं आणली का?" ती म्हणाली.

तिनं ती बॅग माझ्याकडे बसून केली, दुपारच्या वेळी, घरी कळू न देता. गिरिधररावांनी नसतं करू दिलं. ट्यूबचं रबर, पुठ्ठा, कापूस, तांदळाची पुरचुंडी, काही म्हणजे काही कमी केलं नाही. उलट पट्टा दुहेरी केला आणि झाकणाला मेणकापड लावलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. पण वरून खाकी ड्रिल. नुसतं खाकी, हवालदाराच्या पँटसारखं. एक फूल नाही, एक मणी नाही.

मी म्हटलं, अगं, एखादी वेलबुट्टी तरी.

"कॅमेरा त्याचा सुखरूप राहायला पाहिजे," ती म्हणाली. "इंदुताईनं मिरवायलाच पाहिजे असं कुठं आहे?"

संक्रांत आली. इंदुताईंकडे हळदीकुंकू. आम्ही दोघी गेलो. वाण झालं, तिळगूळ झाला, आणि इंदुताईंनी आतून ती खाकी बॅग आणून सतरंजीवर ठेवली.

"पाहा तरी," त्या सगळ्यांना सांगू लागल्या. "मौद्याच्या एका शेतकऱ्याच्या सुनेनं केली. विदेशी बॅग झक मारते हिच्यापुढं. किती साधी, किती मजबूत. धूळ दिसत नाही, चोराची नजर जात नाही. हे म्हणतात, अशी बॅग नागपुरात कुणाजवळ नाही. काय हात असेल त्या पोरीचा."

मी उत्तराकडे बघायचं टाळत होते. पण तिनंच हात पुढे केला. "बघू," म्हणाली. बॅग मांडीवर घेतली, झाकण उघडलं, कप्प्यात बोटं घातली, पट्टा ओढून पाहिला. इतक्या बारकाईनं, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. मग तिनं झाकणाच्या आतला एक कोपरा उलटा केला.

"इथला टाका जरा सैल आहे," ती म्हणाली. "बाकी ठीक आहे."

इंदुताईंनी बॅग तिच्या हातातून काढून घेतली. "उत्तरा, राग मानू नको," त्या म्हणाल्या, "पण तुला नं, दुसऱ्याचं चांगलं पाहवतच नाही."

उत्तरानं तिळाची वडी तोंडात टाकली आणि ती चघळत राहिली. एक शब्द बोलली असती तर सगळं फिरलं असतं, आणि तो शब्द फिरत फिरत मौद्याला सुभद्राच्या कानावर गेला असता. वडी संपली. तिनं कुंकू लावून घेतलं आणि उठली.

रस्त्यात ती ताडताड चालत होती. कोपऱ्यावर थांबली आणि मला म्हणाली, "टाका खरंच सैल होता वहिनी. त्या दिवशी शिवता शिवता अंधार पडला नं, आणि वीज गेली होती, म्हणून."

घरी गिरिधरराव अंगणात कॅमेरा पुसत बसले होते. आम्हांला पाहून त्यांनी खुर्ची सरकवली. बर्डीवर मधुसूदन भेटला होता म्हणाले. त्याची नवी बॅग पाहिली. थोडा वेळ भिंगावर फुंकर घालत राहिले. शेजारी ती शालूची बॅग होती, चारी गोंड्यांसकट. तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत ते म्हणाले, "खाकी आहे. फारच नामी केली आहे कुणीतरी. उत्तरा, तुला जमेल का गं तशी?"

उत्तरा दारातच उभी राहिली. मला वाटलं आता फुटणार ही. तिनं पायातल्या चपला काढल्या, नीट भिंतीशी लावल्या.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "मौद्याला एक मुलगी आहे म्हणे, तिला सांगा."

आणि आत जाऊन तिनं जयवंताच्या तिखटाचा डबा उघडला. त्या दिवशीच्या भाजीचा घास गिरिधररावांना पाण्याशिवाय उतरला नाही. पुढच्याच आठवड्यात जयवंता माहेरी जाताना उतरली, तेव्हा माझ्या मशीनवर खाकी कापड आधीच मांडून ठेवलेलं होतं.